कमरेला खोचलेला फ्यूज

वहिनी, तुमच्या तेरवीला लोक हसले.

रागावू नका. हसणारे सगळे तुमच्या जवळचेच होते. पंगत बसली होती, कढी दुसऱ्यांदा फिरत होती आणि शर्मा आंटींना राहवलं नाही. तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये तुम्ही दोघी भिंतीला भिंत लावून वीस वर्षं राहिलात, तेव्हा तुमच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क त्यांचाच. डोळे पुसत पुसत त्या म्हणाल्या, "भाभी ने तो अपने देवर को मोगरी से कूटा था! ऐसे, जैसे कोई चादर कूटता है!" झालं. ज्यांना माहीत होतं ते हसले, ज्यांना माहीत नव्हतं त्यांना बाकीच्यांनी सांगितलं. मे महिना, अंगणात कूलर, कूलरला चिकटलेला मी आणि कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन धावत आलेल्या तुम्ही. मग नेहमीचा शेवट आला. "बेचारी एक बटन बंद करना भूल गई थी ना!" दादाही हसला. तुम्ही गेल्यापासून तेरा दिवसांत पहिल्यांदा हसला.

मी पानावरून उठलो. तुमची मृणाल वाढत होती, तिने विचारलं, "काका, काय झालं?" ठसका लागला म्हणालो आणि मोरीत जाऊन उभा राहिलो.

त्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य खोटं आहे, वहिनी. तुम्ही कुठलंही बटण विसरला नव्हता. अडतीस वर्षं हे मला एकट्याला माहीत होतं, आणि तुम्ही ते खोटं खरं मानून गेलात. हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. नाही जमलं. आता ऐका.

मी वर्ध्याहून आयटीआयचं सर्टिफिकेट आणि एक ट्रंक घेऊन भोपाळला आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. दादा सरकारी कचेरीत कारकून, दीड खोलीचं क्वार्टर, मृणाल तीन वर्षांची. त्यात मी येऊन पडलो. दुसरी कोणी असती तर तोंड वाकडं केलं असतं. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "भाऊजी, जागा कमी आहे, पण पोळ्या कमी नाही पडणार." आणि मला ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा क्वार्टरच्या सगळ्या लाइनीत पेढे वाटत हिंडलात, जसं काही साऱ्या मध्य प्रदेशाला वीज आता मीच पुरवणार होतो.

विजेची तुम्हाला भीती नव्हती, उलट चांगली ओळख होती. शॉकच्या तुम्ही तीन जाती केल्या होत्या: मुंगी, विंचू आणि यम. फ्रिजच्या दाराला हात लागून झिणझिणलं तर मुंगी. इस्त्रीची वायर सोललेली असली तर विंचू. "यम अजून पाह्यला नाही बाप्पा," म्हणायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. मी कारखान्यातून आलो की विचारायच्या, "आज काय चावलं?" मी सांगायचो, दोन मुंग्या. खरं तर आमच्याकडे यमाच्याच गोष्टी चालायच्या, पण घरी कोण सांगणार.

मग तो मे महिना. दादाने पत्र्याचा कूलर घेतला, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवला आणि इलेक्ट्रिशियन बोलवायला निघाला. मी त्याला दारातच अडवलं. घरात कारखान्याचा माणूस असताना बाहेरचा कशाला? अंगात नुसता तोरा होता हो! जोडणी मी केली. खोलीतल्या प्लगला दोनच भोकं होती, कूलरच्या वायरला तीन तारा. तिसरी हिरवी, अर्थिंगची. तिला जागाच नव्हती, म्हणून पक्कडीने छाटून टाकली. कारखान्यात हे कोणी केलं असतं तर मीच बोंब मारली असती. पण घरी? घरी काय होतंय! पंपाची वायर एका ठिकाणी खरचटली होती, तिच्यावर टेप लावायचा तर टेप संपलेला, म्हणून दुधाच्या पिशवीची पन्नी गुंडाळली. खोलीत खिडकीशी लाकडी पट्टीवर दोन बटणं बसवली, एक पंख्याचं, एक पंपाचं. तुम्हाला शिकवलं की पाणी भरताना दोन्ही बंद करायची. तुम्ही मान डोलावलीत आणि लगेच दोनदा करून दाखवलंत.

दुपारी बादली घेऊन मी अंगणात गेलो. अनवाणी, पायाखाली सांडलेलं पाणी. ओरडलो, "वहिनी, कूलर बंद करा!" आतून टक-टक आवाज आला. पंखा थांबला. मी एका हाताने टाकी धरली.

लोकांना वाटतं शॉक लागला की माणूस किंचाळतो. किंचाळायला गळा आपला राहावा लागतो ना! मूठ आपोआप आवळली, सोडायची म्हटली तरी सुटेना. दात एकमेकांवर रुतले. मला सगळं दिसत होतं: तुमची दोरीवरची हिरवी साडी, तुळशीचा डबा, बादली आडवी होऊन पाणी पायाकडे येत होतं. भीतीसुद्धा वाटली नाही, नुसतं वाटलं की आता पोळ्या वाया जाणार.

तुम्ही तोवर मागच्या दाराने धुणं घेऊन बाहेर आला होता. मला पाहिलंत. नाव घेऊन हाक मारली नाहीत, रडला नाहीत, जवळ येऊन धरलंही नाहीत. हे महत्त्वाचं. नव्वद टक्के माणसं धरायला धावतात आणि दोघं जातात. तुम्ही धोपाटणं उचललंत आणि माझ्या मनगटावर असं हाणलंत की हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी उताणा पडलो. शर्मा आंटी भिंतीवरून ओरडायला लागल्या, "मिट्टी में लिटाओ, मिट्टी में! करंट ज़मीन खींच लेगी!" तुम्ही म्हणालात, "माती द्यायची वेळ नाही आली अजून त्यांना, पाणी आणा!" मग माझं डोकं मांडीवर घेतलंत आणि विचारलंत, "भाऊजी, कोण होतं? विंचू?"

मी म्हणालो, "यम." तेव्हा कुठे तुम्ही रडलात.

यावर आपण आयुष्यभर भांडलो. मी म्हणायचो, मेन स्विच चार पावलांवर व्हरांड्यात होता, तो पाडायचा, हात कशाला मोडायचा? तुम्ही म्हणायच्या, "मी मेन शोधत बसली असती तर आज कोण बोलून राहिलं असतं?" मी म्हणायचो, धोपाटणं ओलं असतं तर? तुम्ही म्हणायच्या, "ओलं नव्हतं ना? मग?" दर दिवाळीला, दर राखीला हेच. मनगट पावसाळ्यात अजून ठणकतं, आणि ठणकलं की मी मुद्दाम तुमच्याकडे येऊन ते चोळत बसायचो. तुम्ही तेल गरम करून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "जीव वाचला त्याचं काही नाही, हाडाचंच कौतुक!"

हा झाला हसण्याचा भाग. आता दुसरा.

संध्याकाळी दादा घरी आला. मी प्लॅस्टर घालून खाटेवर. त्याने तुम्हाला विचारलं, "बटणं बंद केली नव्हतीस?" तुम्ही म्हणालात, "केली. पंख्याचं तर नक्की केलं, पंखा थांबला ना. पंपाचं…" आणि थांबलात. पंप पाण्यात बुडालेला, त्याचा आवाज येत नाही. तो बंद झाला की नाही हे बाहेरून कळत नाही. तुम्ही स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिलात. "केलं असेन… राहिलं असेल का?" दादा म्हणाला, "राहिलंच असेल. नाहीतर करंट कुठून येणार?" त्या क्षणी मलाही तेच वाटलं, देवाशपथ. टक-टक असे दोन आवाज मी ऐकले होते, पण एवढा मोठा झटका बसल्यावर स्वतःच्या कानांवर कोण विश्वास ठेवतो?

चौथ्या दिवशी दादा ऑफिसात होता, तुम्ही मृणालला घेऊन दवाखान्यात. मी डाव्या हाताने ती बटणांची पट्टी उघडली. आमच्या धंद्यात एक गरम तार असते आणि एक ठंडी. वीज गरम तारेतून येते, म्हणून बटण नेहमी गरम तारेत बसवायचं, म्हणजे ते बंद केलं की पुढे काही जात नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे येतं. मी घाईत पंपाचं बटण ठंड्या तारेत बसवलं होतं. ते दाबलं की पंप थांबणार, पण करंट तिथेच उभा. खरचटलेल्या वायरीतून तो टाकीत उतरत होता, आणि त्याला जमिनीत नेणारी हिरवी तार मी स्वतःच्या हाताने छाटली होती.

म्हणजे दोन्ही बटणं बंद होती, वहिनी. तुम्ही सांगितलं तसं, मी शिकवलं तसं, दोन्ही दाबली होती. चूक माझी होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी ती तार बदलली, पट्टी पुन्हा बंद केली आणि खाटेवर जाऊन पडलो. तुम्ही आल्यावर सांगीन असं ठरवलं. तुम्ही आलात, पिशवी ठेवलीत आणि म्हणालात, "भाऊजी, मला माफ करा. माझ्यामुळे तुमचा जीव जात होता." आता सांगा, असं कोणी म्हटल्यावर कोणता माणूस गप्प बसेल? मी बसलो. कारखान्यात कळलं तर काय, दादाला काय वाटेल, इतका तोरा मिरवला त्याचं काय. मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, होतं असं." आणि वर माफ केल्यासारखा चेहरा केला. त्या चेहऱ्याची मला आजही किळस येते.

आठवड्याभराने तुमचा नियम आला. "बटणावर माझा भरोसा नाही," असं जाहीर करून तुम्ही पाणी भरायच्या आधी मेनबोर्डातला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसून काढायला लागलात आणि तो कमरेला खोचायला लागलात. किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी फ्यूज. "ज्याचा हात पाण्यात, त्याच्या कमरेला फ्यूज." मी भरायला गेलो तर फ्यूज माझ्या खिशात घालूनच बादली हातात द्यायच्या. फ्यूज आपल्याजवळ आहे म्हणजे दुसरं कोणी चालू करूच शकत नाही. कारखान्यात आम्हाला हेच शिकवायला साहेब लोक तक्ते लावायचे, आणि तुम्ही ते स्वतःच्या डोक्याने काढलंत. त्या उन्हाळ्यात सगळ्या लाइनीत ती फॅशनच झाली. शर्मा आंटीही पल्लूला फ्यूज बांधून हिंडायच्या.

एकदा तुम्ही फ्यूज कमरेला तसाच ठेवून बिट्टन मार्केटला भाजी आणायला गेलात. रविवार होता, आम्ही तिघं दोन तास घामाने निथळत बसलो. परत आलात ते भेंडी घेऊन, आणि आमचे चेहरे पाहून कमरेला हात लावलात. दादा लगेच म्हणाला, "एक बटण विसरणारी बाई, ती फ्यूज काय लक्षात ठेवणार!" तुम्ही खूप हसलात. मीही हसलो. माझं हसणं कसलं होतं ते आता कळलं असेल.

आणि एक गोष्ट तर मी कधीच विसरणार नाही. मृणाल नऊ वर्षांची असताना तिचा चेंडू कूलरच्या टाकीत पडला आणि तिने सरळ हात घातला. तुम्ही पलीकडे पाण्याची दुसरी बादली भरत होता. मी नंतर उघडून पाहिलं तर वायर उंदराने कुरतडून पार उघडी केलेली. फ्यूज तुमच्या कमरेला होता, म्हणून पोरीला मुंगीसुद्धा चावली नाही. त्या दिवशी मी मनाची समजूत घातली की बघा, माझ्या खोट्यातून केवढं चांगलं निघालं. चोराला काय, कुठलाही पुरावा पुरतो. चांगलं निघालं ते तुमच्यातून निघालं. मी खरं सांगितलं असतं तरी तुम्ही हाच नियम केला असता, उलट जास्त कडक केला असता आणि मला रोज त्याची परीक्षा द्यायला लावली असती.

खोट्यातून काय निघालं ते वेगळंच होतं. दादाने मोपेड घेतली, तुम्हाला शिकवतो म्हणाला. शाहपुऱ्यात नवं घर बांधून झालं होतं, बाजार लांब, तुम्हाला हौस तर केवढी! दोन दिवस मैदानात चालवलीत, झकास चालवलीत, मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी किल्ली परत दिलीत. "नको जी. मी एक बटण विसरणारी. ब्रेक विसरली तर कोणाचं पोर चिरडायची." दादाने फार आग्रह केला नाही. त्यालाही ते पटलं होतं. त्यानंतर पंचवीस वर्षं तुम्ही दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायी चालत आलात, आणि मी किती वेळा स्कूटरवरून तुमच्या शेजारून जाताना थांबून म्हणालो, "बसा वहिनी, सोडतो." केवढा दानशूर! घरात काही हरवलं, दूध उतू गेलं, कोणाचा वाढदिवस राहिला की तुम्ही आपणहून म्हणायच्या, "मी धांदरटच पहिल्यापासून." पहिल्यापासून नाही हो. त्या मे महिन्यापासून. मी केलं तुम्हाला धांदरट.

मोपेडच्या दिवशी सांगायला आलो होतो. तुम्ही तळण तळत होता, म्हणालात, "आधी खाऊन पाहा, मीठ विसरली का ते." मी चकली खाल्ली आणि मीठ बरोबर आहे म्हणालो. तेवढंच खरं बोललो.

या जानेवारीत पुन्हा आलो. तुम्ही गच्चीवर उन्हात मटार सोलत होता. घराची सगळी वायरिंग मी नवी करून दिलेली, शॉक लागायच्या आत लाइन पाडणारं यंत्रसुद्धा बसवलेलं, पण कूलरच्या लाइनीवर तुम्ही हट्टाने तो जुना चिनी मातीचा फ्यूज ठेवायला लावलात, क्वार्टर सोडताना बरोबर आणलेला. मी म्हणालो, "वहिनी, आता काढू या की तो. लोक हसतात मला." तुम्ही म्हणालात, "मी गेल्यावर काढा." मी म्हणालो, "वहिनी, त्या कूलरच्या दिवशीचं तुम्हाला एक सांगायचं राहिलंय." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "भाऊजी, तुम्ही सोलून राहिले की खाऊन राहिले? टोपलं रिकामं दिसते मले." मी हसलो. विषय गेला.

तुम्हाला कळलं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला फार विचारला. वाटतं, नव्हतं कळलं. कळलं असतं तर तुम्ही मला असं सोडलं नसतं. दुसरा हातही मोडला असता.

सव्वा महिन्यानंतर तुम्ही गेलात. सकाळी चहा ठेवलात, खुर्चीत बसलात आणि उठला नाहीत. दादा आत आला तेव्हा चहाला नुकती उकळी येऊन गेली होती आणि गॅस बंद होता. छातीत कळ आली असणार, तरी आधी गॅस बंद केलात आणि मग बसलात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा हे सांगत होता, आश्चर्याने. "एवढी धांदरट बाई, पण शेवटी गॅस तेवढा बंद केला बघा. कशी आठवण राहिली कोण जाणे!" लोक माना हलवायचे, पुण्याई म्हणायचे. आणि मी तिथेच सतरंजीवर मूग गिळून.

तेरवीनंतरच्या रविवारी दादा म्हणाला, "अरुण, उकडायला लागलंय. कूलर लावून दे. आणि तो फ्यूज काढून टाक, तिने सांगितलंच होतं, मी गेल्यावर काढा." मृणालने बिट्टन मार्केटातून कूलरसाठी वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या होत्या. मी स्क्रू काढायचा पेचकस घेऊन स्टुलावर चढलो. फ्यूज जागेवरच हातात धरला. चिनी मातीवर तुमच्या हळदीच्या बोटाचा डाग आहे, घासला तरी जात नाही. खालून मृणाल म्हणाली, "काका, आत्ताच नका काढू ना. आधी पाणी भरा. ज्याचा हात पाण्यात…" दादा खुर्चीतून म्हणाला, "तिचं सगळंच तसं. एक बटण विसरली आणि जन्मभर—"

"नाही विसरली," मी म्हणालो.

दादाला कमी ऐकू येतं. "काय?"

मी स्टुलावरून खाली उतरलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, कारखान्यातून शाल-नारळ घेऊन निवृत्त झालेला, आणि स्टुलाला धरून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलो. सगळं सांगितलं. हिरवी तार, दुधाच्या पिशवीची पन्नी, ठंडी तार. मोठ्याने सांगावं लागलं, दोनदा सांगावं लागलं.

दादा म्हणाला, "म्हणजे पंपाचं बटण…"

"बंद होतं. दोन्ही बंद होती."

"तुला कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी."

"तिच्या जाण्याच्या?"

"नाही दादा. तेव्हाच्या. त्या मे महिन्यातल्या."

मृणाल भिंतीला टेकून उभी, तिच्या डोळ्यांतून पाणी. मग दादाने काठी घेतली आणि उठला. मला वाटलं आता दार उघडून मला बाहेर काढेल, आणि ते बरोबरच झालं असतं. तो दाराकडे गेला नाही. हॉलमध्ये तुमच्या फोटोसमोर गेला. आदल्या दिवशीचा हार होता, तो सरळ केला. आणि मोठ्याने, तुम्हीच बहिऱ्या असल्यासारखं ओरडून बोलला.

"अगं, ऐकलंस का? दोन्ही दाबली होतीस तू. दोन्ही!"

मग तो रडला. आम्ही तिघंही रडलो. तुम्ही गेल्यावर मी इतके दिवस रडलोच नव्हतो, कुठल्या तोंडाने रडणार? थोड्या वेळाने दादाने नाक पुसलं, वळला आणि म्हणाला, "अरुण, तू नालायक आहेस."

"हो."

"मोपेडच्या वेळीही बोलला नाहीस."

"नाही बोललो."

"आणि मीही तिला पुन्हा किल्ली दिली नाही." एवढं बोलून तो खुर्चीत बसला. "जा आता. पाणी भर."

शर्मा आंटींना मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. आधी पाच मिनिटं त्यांनी मला हिंदीत असं काही सुनावलं की इथे सांगता येणार नाही. मग म्हणाल्या, "पहले आके मेरे कूलर का बटन खोल के देख, बेशरम." पाहिलं. नीट होतं. त्यांच्या शेजारचं मात्र ठंड्या तारेत निघालं, अगदी माझ्यासारखंच. आता एक धरलंय मी, वहिनी. ओळखीच्या घरांतले कूलर सुरू व्हायच्या आत बटणं उघडून बघायची, हिरवी तार जागेवर आहे का पाहायची, आणि निघताना नियम सांगायचा. नियम कुणाचा विचारलं तर तुमचं नाव सांगतो, आणि गोष्ट सांगतो. नव्या शेवटासकट. लोक अजूनही हसतात, फक्त आता माझ्यावर.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. मृणालने फ्यूज उपसून माझ्या खिशात घातला. मी बादल्या भरल्या. अडतीस वर्षांत मी कुठल्याही कूलरला हाताच्या मागच्या बाजूने, म्हणजे मूठ आवळली तरी पत्रा पकडीत येऊ नये असं, चाचपल्याशिवाय हात लावलेला नाही. त्या दिवशी खिशातला फ्यूज एकदा दाबून पाहिला आणि टाकीवर सरळ तळहात टेकवला. गार पत्रा होता, बस. फ्यूज तिथेच राहणार, हे कोणी बोललं नाही, पण पेचकस मृणालने पेटीत ठेवून दिला होता. नव्या ताट्यांना तासभर पाणी पिऊ द्यायचं आणि मग कूलर चालू करायचा, म्हणून मी आंघोळ करून येतो असं सांगून घरी निघालो.

तळ्याच्या काठाने अर्ध्या वाटेवर आलो आणि दादाचा फोन आला. "अरे, ताट्या भिजल्या, इथे उकडून राहिलंय, फ्यूज कुठे आहे?"

खिशात हात घातला. होता.

"विसरलो, दादा."

"कोण विसरलं?"

"मी."

"मोठ्याने बोल, ऐकू येत नाही."

पलीकडे मृणालचं हसणं ऐकू येत होतं. त्याला चांगलं ऐकू आलं होतं, वहिनी, मला माहीत आहे.

"मी विसरलो!" मी ओरडलो. "मी! मी विसरलो!"

काठावर फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. बघू देत. फ्यूज खिशातून काढला, कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि तुमच्या घराकडे परत फिरलो.